दफ्तराचे दोन धनी

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हें गांव लागतें. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले येथून फार दूर नाहींत. जुन्या कागदांत हा सारा मुलूख गुंजण मावळ, कानद खोरें अशा नांवांनीं येतो. इतिहासाचा अभ्यासक या बाजूस आला म्हणजे त्याची नजर साहजिकच वर, तटाबुरुजांकडे जाते. परंतु ज्या राज्याचा कारभार या डोंगरांवरून चालला, त्याचा दुसरा अर्धा भाग खालीं, भातखाचरांच्या बांधांवर होता. कोणतें खाचर कोणाचें, त्यावर सारा किती, आणि हें सर्व कोणीं लिहून ठेवावयाचें, हा तो भाग होय. तलवारीच्या कथा आपल्याकडे घरोघर पाठ आहेत. लेखणीची कथा फारशी कोणी सांगत नाहीं, आणि खरें पाहतां विंझरसारख्या गांवच्या शेतकऱ्याचा रोजचा संबंध तिच्याशींच येत आला आहे.

स्वराज्याची राजधानी रायगडास जाण्यापूर्वीं सुमारें पंचवीस वर्षें राजगडावर होती. मराठी राज्याचें पहिलें सरकारी दफ्तर याच डोंगरांत आकारास आलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. तें दफ्तर आज कोठें आहे? राजधानीबरोबर तें रायगडास गेलें असेल, आणि रायगड १६८९ सालीं झुल्फिकारखानाच्या हातीं पडला. त्या धामधुमींतून शिवकालीन सरकारी संग्रह असा कांहीं उरला नाहीं. मग शिवाजीमहाराजांचीं जीं पत्रें आज छापून प्रसिद्ध आहेत तीं आलीं कोठून? तीं बहुतांशीं आलीं ज्यांना लिहिलीं गेलीं त्यांच्या घरांतून. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, मठ, देवस्थानें, यांच्या माळ्यांवरच्या गाठोड्यांतून तीं निघालीं. सरकारजवळची प्रत गेली, प्रजेजवळची राहिली.

हें केवळ दैवानें घडलें असें मात्र नव्हे. जुन्या वतनपत्रांच्या आणि इनामपत्रांच्या शेवटीं पुष्कळदां एक ठरीव आज्ञा आढळते. अंमलदारानें या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठीं ज्याचें त्यास परत द्यावें, अशी ती आज्ञा असे. कारकून ही ओळ हात बसल्यासारखी लिहून टाकीत, आणि वाचणारेही ती तशीच ओलांडून जातात. पण तिच्यांत एक सबंध राज्यनीति सांठविलेली आहे. अस्सल प्रजेकडे आणि नक्कल सरकारकडे! आजची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. आज अस्सल नोंद सरकारची, आणि नागरिकानें शुल्क भरून तिचा उतारा घ्यावयाचा. जुन्या काळीं अंमलदार बदलला, राज्य बदललें, तरी वतनदार आपलें अस्सल पत्र नव्या अंमलदारापुढें मांडीत असे आणि तो आपल्या दफ्तरांतील तालिकेशीं तें ताडून पाही. दोन कागद, दोन धनी, आणि दोघांचा मेळ बसला तरच हक्क खरा.

गांवच्या व परगण्याच्या दफ्तरांतही हीच योजना दिसते. गांवीं कुलकर्णी लिही आणि पाटील आपली नांगराची निशाणी करी. परगण्यांत देशपांडे हिशेब राखी, देशमुख त्यास साक्षी असे. हे झाले वतनदार, म्हणजे मातीशीं बांधलेले लोक. त्यांच्या समोर सरकारचे मामलेदार, आणि मामलेदाराच्या शेजारीं दरकदार. दिवाण, मजमूदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस असे हे अधिकारी थेट हुजुरांतून नेमले जात. मामलेदारास त्यांना काढतां येत नसे, आणि त्यांच्या सह्याशिक्क्यांवांचून त्याचा हिशेब पुरा होत नसे. मामलेदारास हे लोक डोळ्यांत सलत असतील यांत शंका नाहीं. ते त्यासाठींच ठेवलेले होते.

वतनाचा तंटा लागला तर गोतसभा बसे. तिचा निवाडा महजरांत लिहिला जाई, आणि त्यावर बसलेल्यांच्या निशाण्या होत. पाटलाचा नांगर असे, तसाच बलुतेदारांपैकीं ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराचें चित्र असे. हरलेल्यानें येजितखत लिहून द्यावयाचें, म्हणजे आपली हार आपल्याच हातानें कबूल करावयाची. अक्षर न येणारा माणूसही अशा रीतीनें दफ्तराचा भागीदार होई. कागद मोडीत लिहिलेला, वाचणारे थोडे. पण त्यांत काय लिहिलें आहे हें साऱ्या गांवानें कानांनीं ऐकलेलें असे.

या व्यवस्थेच्या माथ्यावर जो अधिकारी होता त्याचा या मुलखाशीं विशेष संबंध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांचीं फारसी नांवें जाऊन संस्कृत नांवें आलीं, आणि सुरनीस हा सचिव झाला. त्या वेळच्या कानुजाबत्यांत सचिवाचें काम सांगितलें आहे. राजपत्रें तपासावींत, त्यांत अधिकउणें अक्षर गेलें असेल तर तें नीट करावें, महालांच्या हिशेबांची चौकशी ठेवावी, आणि पत्रावर आपलें चिन्ह करावें. म्हणजे राजाची आज्ञा झाली तरी दुसऱ्या डोळ्याखालून गेल्यावांचून ती पुरी होत नसे. याच पदावर असलेल्या अण्णाजी दत्तोच्या नांवाशीं स्वराज्यांतील जमीनमोजणी निगडित आहे. पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असें तें माप होतें. डोंगरउतारावरच्या वेड्यावांकड्या खाचरांना ही काठी लावतांना मोजणीदारांची काय तारांबळ उडाली असेल याची कल्पना मावळांत हिंडलेल्या कोणालाही करतां येईल.

पुढें राजाराममहाराजांनीं सचिवपद शंकराजी नारायण यांस दिलें. मोगलांच्या आक्रमणांत सह्याद्रीचा हा पट्टा ज्यांनीं राखला त्यांत हे एक प्रमुख होते. १७०७ सालीं शाहू मोगलांच्या कैदेंतून सुटून आले. ताराबाईंस दिलेला शब्द एकीकडे आणि शाहूंचा हक्क दुसरीकडे, अशा पेंचांत सांपडून शंकराजींनीं स्वतःचें जीवित संपविलें. सचिवपद मात्र त्यांच्या वंशांत राहिलें आणि त्या पदाबरोबर मिळालेला मुलूख भोर संस्थान म्हणून ओळखला जाऊं लागला. राजगड आणि तोरणा हे किल्ले त्याच संस्थानांत होते. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत पंतसचिव येथें राज्य करीत होते. दुसऱ्यांचे कागद तपासण्यासाठीं निर्माण झालेलें पद स्वतःच वंशपरंपरेचें राज्य बनावें, ही मराठी इतिहासांतील एक मौजेची गोष्ट आहे. तपासनीस राजा झाल्यावर त्याचे कागद तपासणारा कोण?

दोन धन्यांची ही पद्धत जेथवर जिवंत होती तेथवर दफ्तरही जिवंत राहिलें. पेशव्यांचें हुजूर दफ्तर पुण्यांत नाना फडणीसांच्या देखरेखीखालीं इतकें पद्धतशीर चाललें कीं त्यांत दोनशेंवर कारकून काम करीत. चालतें दफ्तर वेगळें आणि एकबेरीज दफ्तर वेगळें. सर्व महालांच्या आणि खात्यांच्या हिशेबांचा गोषवारा शेवटीं एकबेरजेंत येऊन पडावयाचा. नाना १८०० सालीं वारले. दुसऱ्या बाजीरावानें महाल मक्त्यानें देण्याचा सपाटा लाविला. जो जास्त रक्कम बोलेल त्यास मामलत! मक्तेदाराला दरकदाराची अडचण कशाला हवी? तपासणारा डोळाच मिटल्यावर हिशेबांचें महत्त्वही गेलें. इंग्रज अधिकाऱ्यांनीं १८१८ नंतर हें दफ्तर ताब्यांत घेतलें तेव्हां त्यांस शेवटच्या कारकीर्दीचे कागद अत्यंत विस्कळित अवस्थेंत आढळले.

जुन्या पद्धतीची आरतीच ओवाळावी असें मात्र नाहीं. गांवचें दफ्तर कुलकर्ण्याच्या घरीं असे; तें त्याच्या वतनाचा भाग, जणूं घरची मिळकत. शेतकऱ्याला अक्षर येत नसे आणि त्याच्या जमिनीचें सारें भवितव्य एका रुमालांत बांधून दुसऱ्याच्या कोनाड्यांत ठेवलेलें असे. गोतसभा क्षीण झाली, पाटलाची निशाणी नांवापुरती उरली, कीं एका लेखणीपुढें सारा गांव लाचार होई. जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या आपल्या १८८३ च्या ग्रंथांत शेतकऱ्याच्या नाडणुकीचें जें चित्र काढलें आहे, त्यांत ही लेखणी ठळकपणें दिसते. अस्सल पत्र हातीं असणें ही वतनदारांची गोष्ट होती. साध्या कुळाजवळ तेंही नव्हतें, ही त्या व्यवस्थेची उणीव विसरून चालणार नाहीं.

इंग्रजांनीं मुंबई इलाख्यांत जमिनीची नवी मोजणी केली. १८३५ च्या सुमारास इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं काम हातीं घेतलें, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. प्रत्येक शेतास नंबर पडला. एका दृष्टीनें ही मोठीच सुधारणा होती, कारण शेताची हद्द आतां कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहिली नाहीं. पण त्याच सुमारास इंग्रजी मुलखांत, म्हणजे भोरसारख्या संस्थानांच्या सीमेबाहेर, दुसरें एक प्रकरण घडलें. त्याचें नांव इनाम कमिशन.

पेशवाईच्या अखेरीस आणि त्यानंतर अनेकांनीं खोट्या सनदांवर इनामें बळकाविलीं होतीं, हें खरें आहे. सरकारी दफ्तरांतून अस्सल कागद पळविले गेले आणि बनावट घुसविले गेले, असें कमिशनच्या बाजूनें सांगण्यांत आलें, तेंही अगदीं निराधार नसावें. तेव्हां चौकशी अवश्य होती. प्रश्न होता तो चौकशीच्या रीतीचा. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें कमिशनला अधिकार मिळाले. वतनदारांचीं दफ्तरें जप्तीनें सरकारांत आणलीं जाऊं लागलीं. हक्क शाबीत करण्याचा भार इनामदारावर, आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा त्याला बंद. ज्याला जमीन हवी तोच सरकार, ज्याच्या ताब्यांत पुरावा तोच सरकार, आणि निवाडा देणाराही तोच सरकार. सुमारें ३५,००० इनामांची चौकशी होऊन त्यांपैकीं सुमारें २०,००० खालसा झालीं, असा आंकडा इतिहासग्रंथांतून दिला जातो. १८५७ च्या उठावामागील असंतोषाच्या कारणांत या कमिशनची गणना होते, ती उगीच नव्हे. शतकानुशतकें तालीक सरकारकडे आणि अस्सल प्रजेकडे असें जें चालत आलें होतें, तें या एका जप्तीनें मोडलें. दोन्ही कागद एकाच कपाटांत जाऊन बसले.

तें कपाट म्हणजे पुण्याचें पेशवे दफ्तर. पस्तीस ते चाळीस हजार रुमालांचा हा संग्रह, त्यांतील कागदांची संख्या कोटींनीं मोजावी लागते. पण कपाटाची किल्ली सरकारजवळ. जुने कागद बाहेर आले तर जुने दावेही बाहेर येतील, ही धास्ती सरकारला दीर्घकाळ वाटत राहिली. गणेश चिमणाजी वाडांसारख्यांना त्यांतून निवडक उतारे काढूं देण्यांत आले, आणि न्यायमूर्ति रानड्यांनीं त्या रोजनिशांचें महत्त्व लोकांपुढें मांडलें, एवढेंच. सर्वसामान्य संशोधकास दार बंदच होतें. शेवटीं १९२९ च्या सुमारास गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचें काम सोंपविण्यांत आलें आणि पुढील कांहीं वर्षांत त्या दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले.

दार बंद होतें त्या काळांत मराठ्यांचा इतिहास लिहिला कोणाच्या जोरावर गेला? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडले, वाळवी लागलेलीं गाठोडीं सोडलीं, रद्दीत जाणारे कागद वांचविले. १८९८ पासून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड काढले. त्यांतील सामग्री मुख्यतः खाजगी घरांतून आली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें आणि या कामाला एक घर मिळालें. सरकारच्या किल्लीची वाट पाहत बसले असते तर एका पिढीचा इतिहास लिहावयाचाच राहिला असता.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण या भोरच्याच मुलखांतलें आहे. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यानें एक शकावली जपून ठेविली होती. तींत शके १५४० पासूनच्या घटना तिथींसह टिपलेल्या आहेत. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि त्यांनीं १९१६ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत शिवाजीमहाराजांची जन्मतिथि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी दिली होती. तोंवर १६२७ हें साल रूढ होतें. वाद पुष्कळ वर्षें चालला. अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली. राज्याच्या संस्थापकाचा जन्मदिवस राज्याच्या दफ्तरांत नव्हता. तो एका देशमुखाच्या घरच्या वहींत होता, आणि ती वही जप्तींतून, वाळवींतून व रद्दीवाल्याच्या तराजूंतून वांचली म्हणून तो आज आहे.

गांवच्या दफ्तराचें पुढें काय झालें तेंही थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणी सुरू झाली, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाबरोबर जमिनीवर कोणाचा कसला हक्क आहे हेंही लिहिलें जाऊं लागलें. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें परगणा व कुलकर्णी वतनें गेलीं, आणि तो कायदा १९५१ पासून अमलांत आला. कुलकर्ण्याच्या कोनाड्यांतला रुमाल तलाठ्याच्या सजांत गेला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत फेरफाराची रीत ठरलेली आहे. नोंद तलाठ्यानें करावी, तिची नोटीस हितसंबंधीयांना द्यावी व चावडींत लावावी, हरकतीसाठीं १५ दिवस थांबावें, आणि मगच वरच्या अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावी. लिहिणारा एक आणि मान्य करणारा दुसरा, मध्यें गांवाला बोलण्याची संधि. गोतसभेची ही दूरची आठवण म्हणावयास हरकत नाहीं.

मग संगणक आला. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा, हे दोन्ही मिळून झालेला सात-बारा हातानें लिहावयाचा बंद होऊन यंत्रांत गेला. लाखों उतारे टंकलिखित करतांना नांवें गळालीं, क्षेत्रें चुकलीं, एकाचें आडनांव दुसऱ्यास लागलें. तेव्हां शासनानें २०१७ सालीं जो उपाय केला तो लक्ष देण्याजोगा आहे. संगणकांतील उतारे गांवोगांव चावडींत मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आले, आणि खातेदारांनीं आपापली चूक सांगावी असें ठरलें. याला चावडीवाचन हेंच नांव होतें. विजेच्या यंत्राची चूक शोधण्यासाठीं शेवटीं माणसांच्या कानांकडे जावें लागलें. २०१८ पासून सही संगणकीय झाली आणि उतारा घरबसल्या मिळूं लागला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून तर पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या मोबाइलवरून करावी अशी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. नमुना बारावर शेतकऱ्याचा स्वतःचा हात या निमित्तानें प्रथमच फिरूं लागला.

नमुना सातचें तसें नाहीं. हक्काची नोंद अजून सरकारच्याच हातांत आहे, आणि ती आतां कोणत्याही घरच्या माळ्यावर नाहीं. उतारा कोणालाही कोठूनही पाहतां येतो, हा एक मोठा लाभ. पण पाहतां येणें आणि जवळ अस्सल असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुण्याची वस्ती पसरत चालली तसा डोंगरांतल्या जमिनींनाही गिऱ्हाईक येऊं लागलें. मावळांतली तरुण मंडळी नोकरीसाठीं पुण्यामुंबईस असतात. खातें आजोबांच्या नांवावर, वारसनोंद राहून गेलेली, आणि चावडींत लागलेला कागद वाचावयास घरीं कोणी नाहीं, अशीं घरें मावळांत थोडीं नाहींत. त्यांच्या बाबतींत तो १५ दिवसांचा अवधि कोणाच्याही लक्षांत न येतां उलटून जाऊं शकतो.

अशा वेळीं माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली जाते. तींत आजोबांच्या वेळची सारा भरल्याची पावती असते, हातानें लिहिलेला जुना उतारा असतो, कधीं नुसतीच शाई पुसट झालेली फेरफाराची नक्कल असते. तहसील कचेरींत दुरुस्तीचा अर्ज करावयाचा तर पहिल्यानें तेच कागद मागतात.